हापूस रंगाची गाडी आणि ब्रेनरअण्णांचं गॅरेज

फ्रँकफर्टच्या विमानतळावर कस्टमच्या साहेबाने माझी बॅग उघडली तेव्हा त्याला आत लोणचं सापडलं नाही, मसाला सापडला नाही, साधा चिवडासुद्धा सापडला नाही. सापडलं ते मरून रंगाचं रेक्झीन. त्याला कडेने पिवळी पायपिंग, खाली गोंड्यांची झालर आणि पाठीच्या जागी भरतकामात उभा राहिलेला वाघ. साहेबाने एक वाघ वर उचलला, मग दुसरा. "सीट कव्हर," मी इंग्रजीत म्हणालो, "जावयाच्या गाडीला." त्याने शेजारच्या साहेबाला बोलावलं. दोघांनी वाघाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेची चेन अशी हळुवारपणे लावली की जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. मला ते कौतुक वाटलं. पुढचे सहा आठवडे मला बऱ्याच गोष्टी कौतुकाच्या वाटल्या, त्यातली ही पहिली.

माझं कोल्हापुरात सीटकव्हरचं दुकान आहे. आता भाचा बघतो, पण उभं आयुष्य माझं त्याच गल्ल्यामागे गेलं. आमच्या धंद्याचं एक तत्त्व आहे : कंपनीतून आलेली गाडी म्हणजे नुसता भात. वरण, तूप, लिंबू आपण घालायचं. आमच्या गावात रिक्षावालासुद्धा रिक्षा अशी नटवतो की प्रवासी उतरल्यावर मागे वळून एकदा बघतोच. त्यामुळे मुलगी केतकी फोनवर म्हणाली, "बाबा, अभिजितने जुनी अमेरिकन गाडी घेतलीय आणि तिचं पार काहीतरी करून टाकलंय," तेव्हा तिचा सूर तक्रारीचा असला तरी माझी छाती फुगली. मुलगी योग्य घरात पडली, एवढंच मी हिला म्हणालो. ही म्हणजे माझी पत्नी. ती म्हणाली, "अहो, तुम्ही तिकडे जाऊन काही करू नका म्हणजे झालं."

मी केतकीकडून सीटची मापं गुपचूप मागवली. कशाला ते सांगितलं नाही.

फ्रँकफर्टहून स्टुटगार्टची गाडी तासभर उशिरा आली. जर्मन रेल्वे मिनिटाला मिनिट धरून चालते, असं मला कोल्हापुरात अनेकांनी सांगितलं होतं. जर्मनांना ते कुणी सांगितलेलं नसावं. फलाटावरचे लोक मात्र शांत उभे होते. स्टुटगार्टला लोकल बदलून झिंडेलफिंगेनला पोचेपर्यंत हिचे पाय सुजले होते आणि माझं जर्मन सुरू झालं होतं. 'या' म्हणजे हो आणि 'गेनाऊ' म्हणजे अगदी बरोबर. या दोन शब्दांवर माणूस त्या देशात कितीही काळ काढू शकतो, फक्त आपण कशाला हो म्हणतोय ते कळत नाही.

झिंडेलफिंगेन हे मोटारींचं गाव. आमच्याकडे गूळ तसं त्यांच्याकडे मोटारी. जावई अभिजित तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दिवसभर तो अशा गाड्या घडवतो ज्या स्वतःच ब्रेक मारतात, स्वतःच उभ्या राहतात आणि चालकाला झोप आली तर कॉफी प्यायला सांगतात. मग संध्याकाळी तो गॅरेजात जाऊन जिला ब्रेक लावायला दोन पाय लागतील अशा गाडीखाली झोपतो. तिला 'मसल कार' म्हणतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत निघालेली, लांब नाकाची, दोन दारांची, आणि पोटात ट्रक ओढेल असं इंजिन असलेली गाडी. म्हणजे दंडबैठका काढलेली गाडी. कोल्हापूरकराला हे वेगळं समजावावं लागत नाही. कंपनीचं नाव मात्र सांगत नाही, जावयाने शपथ घातली आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने गॅरेजचं दार वर सरकवलं आणि मी तिथंच उभा राहिलो. गाडी पिकल्या हापूसच्या रंगाची होती. मागची मडगार्डं दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर काढलेली, पैलवानाने काखेत कलिंगडं धरावीत तशी. गाडी इतकी खाली बसवलेली की खालून मुंगी गेली तर वाकून जावी. बॉनेटला मोठं भोक, आणि त्यातून इंजिनाचं चकचकीत तोंड वर आलेलं. मी जावयाला मिठी मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. तो गोंधळला आणि म्हणाला, "बाबा, आवडली असं म्हणणारे तुम्ही पहिलेच."

हे मला विनयाचं बोलणं वाटलं. ते शब्दशः खरं होतं.

त्या दिवशी जेवताना केतकीने सगळी हकीकत सांगितली. गाडी आधी हेर ब्रेनर (हेर म्हणजे श्रीयुत) यांची होती. वय ऐंशीच्या घरात, आमच्यापासून आठ घरं पलीकडे राहणारे. त्यांनी तीस वर्षं ती गाडी मूळचा एक स्क्रूसुद्धा न बदलता जपली. गुडघ्याने क्लच दाबवेना तेव्हा त्यांनी ती अभिजितला विकली आणि आपल्या घरामागचं गॅरेजही त्यालाच वापरायला दिलं, नुसता हात मिळवून. कागद नाही, काही नाही. चार हिवाळे अभिजित दार आतून लावून काम करत राहिला. या वसंतात त्याने दार उघडून त्यांना गाडी दाखवली. ब्रेनरनी सावकाश एक फेरी मारली, एक शब्द उच्चारला, 'शॉइसलिश' (भयंकर कुरूप), आणि घरात जाऊन खिडकीचे पडदे खाली ओढले. तीन दिवसांनी पत्र आलं. आठ घरं पलीकडून, पोस्टाने. महिनाअखेर गॅरेज रिकामं करावं.

"मग दुसरं गॅरेज घ्या," मी म्हणालो.

अभिजित ताटात बघूनच बोलला. त्या रुंदीची गाडी मावेल असं गॅरेज गावात नाही. असलेल्यांसाठी रांगा आहेत. रस्त्यावर ठेवली तर हिवाळ्यात बर्फासाठी टाकतात ते मीठ दोन वर्षांत तिला खाऊन टाकेल. "विकावी लागेल, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने आमटी वाढून घेतली, पण नंतर ती प्यायली नाही.

एक वाट शिल्लक होती. तिकडे तीस वर्षांवरच्या गाडीला, ती जुन्या रूपात राहिली असेल तर, शेवटी एच अक्षर असलेली खास पाटी मिळते. म्हणजे ही गाडी नुसती जुनी नाही, वारसा आहे, असं सरकार मान्य करतं. आमच्याकडे माणूस जुना झाला की ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड मिळतं तसंच, फक्त तिथे तपासनीस येऊन तुमचे दात मूळचे आहेत का ते पाहतो. बदल केलेले असले तरी, त्या काळात तसे बदल होत असत असं दाखवता आलं तर चालतं. अभिजितने जुन्या अमेरिकन मासिकांची पानं जमवून जाड फाइल केली होती : पाहा, तेव्हाही लोक मडगार्डं फुगवत होते, तेव्हाही बॉनेटला भोकं पाडत होते. आणि ब्रेनर इतकंच कबूल झाले होते की तपासनिसाने एच दिला तर गाडी राहील. स्वतःच्या डोळ्यांना कुरूप दिसणारी गोष्ट सरकारी कागदावर सुंदर ठरली तर ती मान्य करायची, ही शिस्त आपल्यात यायला अजून वेळ आहे.

रविवारी अभिजितने आम्हाला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेलं. एका मोठ्या दुकानाचं पार्किंग, त्यात ओळीने गाड्या, आणि गाड्यांपेक्षा जास्त माणसं हाताची घडी घालून उभी. हात न लावता बघायचं हा नियम. मला तो माहीत नव्हता. मी ब्रेत्सेल (खारवलेला, गाठीच्या आकाराचा पाव) घेतला होता, त्याची पिशवी मी एका निळ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवली, सहज, आपण ओट्यावर ठेवतो तशी. मालकाने ती दोन बोटांनी उचलून मला परत दिली. मग खिशातून मऊ ब्रश काढून मिठाचे कण झटकले. माझ्या मोजणीने अकरा वेळा. कण तीन होते.

हा गृहस्थ मूळपंथी. त्या पंथाचं म्हणणं, गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहायला हवी. अभिजितने ओळख करून दिल्यावर त्याने रुसवा सोडून मला गुडघ्यावर बसवलं आणि गाडीच्या पोटाखाली खडूने लिहिलेला एक आकडा दाखवला. कारखान्यातल्या कुणा कामगाराने तेव्हा घाईत लिहिलेला आकडा. मूळचा पुसून गेला होता, म्हणून याने जुने फोटो शोधून तशाच वाकड्या अक्षरात पुन्हा काढून घेतला होता. दाराच्या आत एका कोपऱ्यात रंगाचे शिंतोडे होते. तेही मूळ कामगाराच्या निष्काळजीपणाप्रमाणे नव्याने, काळजीपूर्वक उडवलेले. मी आयुष्यभर कारागिरांच्या चुका झाकत आलो. इथे एक माणूस दुसऱ्याची चूक पुन्हा करायला तीन महिने खपला होता. मी म्हणालो, "गेनाऊ." त्याने माझा हात दाबला.

पलीकडे बदलपंथी. दाढ्या, गोंदलेले दंड, हातात सॉसेज. त्यांतल्या एकाने गाडीचं छप्परच चार बोटं कापून खाली बसवलं होतं. दिसायला झकास, पण आत बसल्यावर त्याची मान खांद्याला टेकत होती आणि त्याला सिग्नल दिसत नव्हता. हिरवा झाला की बायको सांगते, असं तो अभिमानाने म्हणाला. मूळ गाडी बघायची असेल तर संग्रहालयात जा, असंही म्हणाला. बायकोने माझ्या हिच्याकडे पाहून डोळे वर फिरवले, आणि त्या दोघींची भाषेशिवाय मैत्री जमली.

या दोन पंथांत विस्तव जात नाही. तरी आमच्या हापूस गाडीपुढे ते एकत्र आले. मूळपंथी म्हणाले, खून केलाय. बदलपंथी म्हणाले, खून करायचाच तर पुरता करायचा, हा अर्धवट. एक जण म्हणाला, रंग छान आहे, बाकीची गाडी काढून टाका. अभिजित सगळ्यांना 'या, या' करत ऐकून घेत होता. मी पाहिलं, त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, गेटकडे लागली होती. ब्रेनर दर वर्षी या मेळाव्याला येत. त्या रविवारी ते आले नाहीत.

तपासणीची टर्मिन (ठरलेली वेळ, ती मोडणं म्हणजे तिकडे देवाची शपथ मोडण्यासारखं) मंगळवारी सकाळी होती. सोमवारी अभिजित कामावर गेला आणि मी किल्ली घेऊन गॅरेजात. जावयाचं मन खचलेलं, आपण काहीतरी करायला हवं, आणि मला येतं ते एकच. एवढ्या सगळ्या कामात त्याने सीटला हात लावलेला नव्हता. काळं जुनं व्हिनाइल, चालकाच्या बाजूला ब्रेनरच्या तीस वर्षांच्या बसण्याचा खोलगा. मला त्या सीटची दया आली. एक अडचण होती. कव्हर पक्कं करायच्या लोखंडी रिंगा आणि ती आवळायची पक्कड मी हातातल्या पिशवीत ठेवली होती, आणि मुंबईच्या विमानतळावर सुरक्षावाल्या बाईने ती ठेवून घेतली होती. केतकीकडे खिळे ठोकायची बंदूकही नव्हती. शेवटी मी हिच्या बॅगेतून परकराच्या नाड्या काढल्या आणि सीटखालून आवळून गाठी मारल्या. अशी कामचलाऊ गोष्ट मी दुकानात केली असती तर भाच्याने मला घरी पाठवलं असतं. पण वरून काय दिसत होतं! मरून, पिवळं, आणि दोन वाघ पुढच्या काचेकडे तोंड करून.

मंगळवारी सकाळी अभिजितने दार उघडलं आणि आत पाहिलं. मग त्याने एक गाठ सोडवायचा प्रयत्न केला. माझ्या गाठी सुटत नसतात. घड्याळ पाहून तो वाघावर बसला. वाटेत मी विचारलं, कसं वाटतंय. तो म्हणाला, "मऊ आहे, बाबा." सासऱ्याला 'नाही' म्हणायला अजून जर्मनीतही शिकवत नाहीत, नाहीतर मला त्या गाडीत त्या दिवशी जागाच मिळाली नसती.

तपासनीस एक बाई होत्या. पन्नाशीच्या, आखूड केस, गळ्यात चष्मा, चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी फाइल पानोपान वाचली. मडगार्डांवरून हात फिरवला, मासिकातला फोटो पाहिला, मान हलवली. बॉनेटच्या भोकापाशी वाकून पाहिलं, मान हलवली. अभिजितच्या चेहऱ्यावर रक्त परत येऊ लागलं. मग त्यांनी दार उघडलं आणि त्यांची वाघाशी नजरानजर झाली.

अभिजित घाईने म्हणाला, ही तात्पुरती कव्हरं आहेत, काढून टाकणार आहोत.

काढून टाकणार! माझ्या कामाबद्दल, माझ्यादेखत. पण राग मला जावयाचा आला नाही. मला वाटलं, बाई गाडीला कमी लेखतायत, म्हणून पोराला असं बोलावं लागतंय. आमच्या धंद्यात गाडी दाखवायची म्हणजे काम दाखवायचं. जितकं काम जास्त तितकी गाडी मोठी. मी पुढे झालो, त्यांना इंजिनापाशी घेऊन गेलो आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, बाहेरून दिसतंय त्यावर जाऊ नका. वरून हा जुना कार्बोरेटर वाटतो ना, ते नुसतं खोकं आहे. आत सगळं नवं फ्युएल इंजेक्शन, कॉम्प्युटरसकट. कुणाला ओळखूसुद्धा येणार नाही. हे सगळं माझ्या जावयाने स्वतःच्या हाताने केलंय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. अभिजितकडे बघून विचारलं, "खरं आहे?"

तो म्हणाला, "या."

"गेनाऊ," मी म्हणालो.

एच मिळाला नाही. गाडी रस्त्यावर चालवायला हरकत नाही, त्या म्हणाल्या, पण कॉम्प्युटर त्या काळातला नव्हे, त्यामुळे वारसा म्हणता येणार नाही. कागदावर शिक्का मारून तो दोन हातांनी दिला. निघताना त्यांनी मला खास जवळ बोलावून सांगितलं की इतका प्रामाणिक माणूस त्यांच्या नोकरीत क्वचित येतो. अभिजितने हे भाषांतर करून मला ऐकवलं. त्याच्या आवाजात धार नव्हती, तेच जास्त लागलं.

घरी हिने मला सुनावलं ते इथे लिहीत नाही. सार असं की काही करू नका म्हटलं होतं. केतकी रडली नाही, पण तिने विक्रीची जाहिरात टाकायला गाडीचे फोटो काढायला घेतले, आणि इतके दिवस गाडीला सवत म्हणणाऱ्या त्या मुलीला एकही फोटो मनासारखा येईना. अभिजित फक्त म्हणाला, "बाबा, ती कव्हरं तेवढी काढा. गिऱ्हाईक येईल."

शनिवारी सकाळी मी कात्री न घेता गॅरेजात गेलो, कारण नाड्या हिला परत हव्या होत्या. सीट रुळांवरून सोडवून जमिनीवर उलटी केली आणि नखांनी गाठी सोडवत बसलो. शनिवार हा तिकडे अंगण झाडायचा वार. ब्रेनर झाडू घेऊन आले आणि दारात थांबले. उंच, वाकलेले, निळा डगला. मी त्यांना प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. मी उठून 'नमस्कार, अण्णा' म्हणालो, कारण मोठ्या माणसाला मी दुसरं काही म्हणू शकत नाही. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, कष्टाने खाली बसले आणि माझ्या कव्हरची पायपिंग अंगठ्याने दाबत शिवणीवरून शेवटपर्यंत गेले. कोपऱ्यावर थांबले. तिथे मी पायपिंग कापत नाही, चुणी न पाडता वळवतो. ते करायला मला माझ्या उस्तादाने दोन वर्षं शिकवलं होतं. ब्रेनरनी तो कोपरा उलटा करून पाहिला, मग माझा हात उलटा केला आणि तर्जनीवरचा सुईचा घट्टा पाहिला. आपल्या तर्जनीवरचा दाखवला. ते झाट्लर (सीटा आणि चामडं शिवणारा कारागीर) होते. कारखान्यातल्या सीट विभागात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

केतकीने माझ्या फोनमध्ये भाषांतराची सोय करून दिली होती. फोन मधे ठेवून आम्ही बोललो. त्यांनी आधी वाघ कुरूप असल्याचं सांगितलं. मग कव्हर बाजूला सारून सीटवर तळहात फिरवला, आणि काठाने बोट लावत एक फेरी मारली. भोक शोधत होते. रिंगेचं, खिळ्याचं, टाक्याचं. एकही नव्हतं. बसण्याचा खोलगासुद्धा होता तसा होता. फोन म्हणाला, "या घरातले तुम्ही एकटेच आहात ज्यांनी काही न मोडता काम केलं. तुम्ही मुद्दाम गाठी मारल्यात."

खरं कारण मुंबई विमानतळावर पक्कड जमा झाली हे होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "गेनाऊ." त्या दौऱ्यातला माझा हा सगळ्यात नीच क्षण, आणि फळ त्यालाच आलं.

कारण पुढे ते म्हणाले की बाकीचं तर सगळं भंगारात गेलं असेल. मी म्हणालो, भंगारात कशाला, सगळं तळघरात आहे, त्यावरून माझी मुलगी नवऱ्याशी रोज भांडते. फोनने हे वाक्य म्हणून दाखवलं, आणि म्हातारा गुडघा विसरून उठला.

अभिजितने त्यांना दारात पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, मुदतीआधीच गॅरेजची किल्ली मागायला आलेत. ब्रेनर म्हणाले, केलर (तळघर) दाखव. आम्ही खाली उतरलो. सायकली, सुटकेसा, आणि त्यांच्या मागे भिंतभर जुन्या चादरींत गुंडाळलेल्या वस्तू. दोन मडगार्डं केतकीच्या ओढण्यांनी बांधलेली. बॉनेट रजईत. कार्बोरेटर लोणच्याच्या बरणीशेजारी, तेल लावून, पिशवीत. प्रत्येकावर चिठ्ठी, मराठीत : 'डावं मडगार्ड, मूळ. कोपऱ्यात जुना पोचा आहे, तो तसाच ठेवणे.'

ब्रेनरनी ती चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. अभिजितने वाचली. पोच्याच्या ओळीवर म्हाताऱ्याने मडगार्डाच्या त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तो पोचा त्यांच्याच हातून पडलेला असणार.

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," अभिजित म्हणाला. "तुम्ही म्हणालात, माझ्या गाडीचं हे काय केलंस."

"ठेवलंस कशाला पण?"

अभिजितने एका ओढणीची गाठ घट्ट केली. तो मिरजेच्या दोन खोल्यांत वाढलेला. तिथे विहीणबाई तुटक्या छत्रीची काडीसुद्धा टाकू देत नसत. "लागेल कधीतरी म्हणून," तो शेवटी म्हणाला, आणि त्याला ते स्वतःलाच फार किरकोळ वाटलं असावं.

ब्रेनर एका सुटकेसवर बसले. त्यांनी जे सांगितलं ते केतकीने मला जिन्यात उभी राहून सांगितलं. ही गाडी त्यांचीही मूळची नव्हे. इथल्या छावणीतल्या एका अमेरिकन सैनिकाची. त्याने दोन्ही बाजूंना आगीच्या ज्वाळा रंगवल्या होत्या आणि मूळचे दिवे फेकून दिले होते. ते दिवे शोधायला त्यांना सात वर्षं लागली. सात वर्षं ते त्या सैनिकाला शिव्या देत होते. "तुझ्यानंतर जो घेईल," ते अभिजितला म्हणाले, "त्याला शिव्या द्याव्या लागणार नाहीत."

गाडी राहील, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी असं म्हटलं की तळघरात ओल आहे, हे सामान इथे कुजेल. ते गॅरेजात भिंतीवर टांगायला हवं, क्रमाने, आणि चिठ्ठ्या जर्मनमध्ये हव्यात. मग टांगण्यासाठी मापं घ्यायला ते आमच्याबरोबरच निघाले. हापूस गाडीपाशी आल्यावर थांबून म्हणाले, "शॉइसलिश." अभिजित म्हणाला, "या." त्यानंतर माझे तिथले तीन आठवडे हा संवाद रोज एकदा झाला, आणि कुणीच आपलं मत बदललं नाही.

ते तीन आठवडे मी बेकार नव्हतो. ब्रेनरअण्णांनी मला खिळे, हुक, फळ्या असं काम लावलं आणि माझं प्रत्येक काम दुसऱ्यांदा स्वतः केलं. दुपारी त्यांची बहीण माउलटाशन (मैद्याच्या पारीत सारण भरून उकडलेले चौकोन) पाठवायची. सारण मांसाचं, म्हणून हिने नको म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पालकाचे आले. हिने त्यावर तूप आणि चटणी घातली. अण्णांनी ते पाहिलं, मूळ पदार्थ तसा नसतो असं म्हणाले, आणि चटणीची वाटी आपल्याकडे ओढली.

परत येऊन चार महिने झाले. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं झालं ते एवढंच की दुकानाचं नुकसान होऊ लागलं. परवा एक पोरगा नवीकोरी मोटारसायकल घेऊन आला, कंपनीची सीट काढून लाल-काळी हवी म्हणून. मी विचारलं, काढलेली कुठे ठेवणार? "फेका की मामा," तो म्हणाला. मी त्याला दुकानात बसवून अर्धा तास समजावलं. भाचा कपाळाला हात लावून बघत होता. शेवटी पोरगा लाल-काळी घेऊन गेला आणि कंपनीची सीट मी पोत्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून घरी आणली. ही सातवी.

हिने दारातच अडवलं. "अहो, हे आता कुणाचं?"

"त्या गाडीच्या पुढच्या मालकाचं."

"नाव काय त्याचं?"

"अजून जन्मायचा असेल."

तिने पोतं उचलून वजन पाहिलं, चिठ्ठी वाचली आणि पलंगाखाली बोट दाखवलं. "तो येईपर्यंत तिथे," ती म्हणाली. "आणि आल्यावर आधी त्याला माझ्याकडे पाठवा."